परशुरामाने आईचे मस्तक का उडवले, असे मुलाने विचारले तर काय सांगावे?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

आमच्या गावातील विठ्ठल मंदिरात दर शनिवारी संध्याकाळी हरिपाठ झाला की मी मुलांना पुराणातील गोष्टी सांगते. तिसरीपासून सातवीपर्यंतची मुले येतात. घरी सगळीच मराठी बोलतात, शाळा मात्र कोणाची मराठी, कोणाची कन्नड, तर कोणाची इंग्रजी माध्यमाची आहे. त्यामुळे सगळ्यांनी एकत्र बसून मराठीतून एखाद्या गोष्टीचा विचार करावा, अशी ही एकच वेळ त्यांच्या आठवड्यात उरली आहे. म्हणूनच तिथे काय सांगावे आणि कसे सांगावे, याची मला फार काळजी वाटते.

ध्रुव, प्रल्हाद, सुदामा या गोष्टी सांगताना अडचण येत नाही. हलशीचे भूवराह-नरसिंहाचे मंदिर आमच्याच तालुक्यात असल्यामुळे प्रल्हादाची गोष्ट झाल्यावर मुलांना तिथे नेऊन मूर्तीही दाखवता येते. अडचण आली ती रेणुकेच्या गोष्टीत. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला गावातील बरीच कुटुंबे सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन आली होती. पुढच्या शनिवारी चौथीतल्या एका मुलाने सर्वांसमोर विचारले, ‘‘बाई, वडिलांनी सांगितलं म्हणून आईचं डोकं उडवलं, तर परशुराम चांगला कसा?’’ पित्याची आज्ञा त्या काळी किती मोठी मानली जात असे, हे मी सांगत होते, तेवढ्यात एका मुलीने विचारले, ‘‘मग माझ्या बाबांनी दादाला असं सांगितलं तर दादानं काय करायचं?’’ त्या मुलीचा चेहरा पाहून मी तो विषय तिथेच थांबवला आणि उत्तर पुढच्या बैठकीवर ठेवले आहे.

ही गोष्ट वगळावी, असे मला वाटत नाही. यल्लम्मा, म्हणजेच रेणुका, ही आमच्याकडील कितीतरी घरांची कुलदेवता आहे. मुले परडी भरताना पाहतात, भंडारा लावून घेतात, आणि ही कथा त्यांच्या कानावर पडणारच असते. मग ती सांगावी कशी? एकलव्याच्या गोष्टीबाबतही माझ्या मनात हाच प्रश्न आहे. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगावे की सांगू नये, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

निवृत्त गुरुजी (निपाणी)

ताई, त्या दोन्ही मुलांचे प्रश्न टाळू नका. कथा पुरती सांगितली, तर त्यांची उत्तरे तिच्यातच सापडतात. आपल्याकडे ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. बापाने सांगितले, मुलाने केले, बापाने वर दिला आणि आई उठली, एवढ्यावर ती संपते. महाभारताच्या वनपर्वात ती याहून पुष्कळ मोठी आहे.

जमदग्नीला पाच मुलगे होते. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू हे थोरले चौघे, आणि सर्वांत धाकटा राम, म्हणजे परशुराम. स्नानाला गेलेल्या रेणुकेचे मन एका राजाची जलक्रीडा पाहून क्षणभर विचलित झाले, एवढाच तिचा अपराध. आपल्या डोंगरावरच्या कथेत ती वाळूची घागर करून नागाच्या चुंबळीवर पाणी आणत असे आणि त्या दिवशी ती घागर होईना, असे सांगतात. मुलांना हीच कथा आधी ठाऊक असते, म्हणून तुम्ही तिथूनच सुरुवात करावी. जमदग्नी संतापला आणि त्याने एकेका मुलाला आईला मारण्याची आज्ञा केली. पहिले चौघे ते करू शकले नाहीत, म्हणून त्यांना शाप मिळाला आणि ते पशुपक्ष्यांसारखे जड होऊन गेले. या चौघांची नावे आपण मुलांना कधी सांगतच नाही! आईवर शस्त्र उचलण्यापेक्षा ज्यांनी बापाचा शाप पत्करला, त्यांची आठवण पहिल्याने करून दिली पाहिजे.

आता परशुरामाने मागितलेले वर पाहा. आई जिवंत व्हावी, आपल्याला मारले गेल्याची आठवण तिला राहू नये, त्या पापाचा आपल्याला स्पर्श होऊ नये, भाऊ पूर्ववत व्हावेत, आणि मग युद्धातील अजिंक्यपण व दीर्घायुष्य. तिसरा वर मुलांपुढे दोनदा म्हणा. आपल्या हातून पाप घडले आहे, हे खुद्द परशुरामाच्या तोंडून आलेले आहे. ज्याने ते केले तोच त्याला पुण्य म्हणत नसेल, तर आपण कशासाठी म्हणावे? चौथीतल्या मुलाला एवढे उत्तर पुरेल असे वाटते.

दादाविषयी विचारणाऱ्या मुलीला मात्र कथेच्या आडून उत्तर देऊ नका. घरातले कोणीही, कितीही मोठे असले, तरी त्यांनी दुसऱ्याला इजा करायला सांगितले तर ते ऐकायचे नसते आणि लगेच दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जाऊन सांगायचे असते, हे तिला सरळ शब्दांत सांगा.

कीर्तनप्रेमी (शहापूर, बेळगाव)

गुरुजींनी लिहिलेल्या वरांच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. त्याला जोडून मला महाभारतातलीच दुसरी एक कथा सुचवावीशी वाटते. ती शांतिपर्वात आहे, फार थोड्या घरांत सांगितली जाते, आणि त्या मुलीच्या प्रश्नासाठीच रचलेली वाटावी इतकी नेमकी आहे. एखादे काम लवकर करावे की विचार करून उशिरा करावे, हे कसे ठरवायचे, असे युधिष्ठिराने विचारले, तेव्हा भीष्मांनी ती सांगितली.

गौतम ऋषींचा एक मुलगा होता. तो प्रत्येक काम फार वेळ विचार करून करी, म्हणून त्याला चिरकारी म्हणत; लोक त्याला आळशी आणि मंदबुद्धीही म्हणत. एकदा गौतम पत्नीवर रागावले, ‘हिला मारून टाक’ असे या मुलाला सांगितले आणि स्वतः वनात निघून गेले. चिरकारी ‘बरे’ म्हणाला आणि नेहमीप्रमाणे विचार करत बसला. बापाची आज्ञा मोडू नये हा धर्म, आणि आईचे रक्षण करावे हाही धर्म. मी दोघांचाही मुलगा आहे, मग एकाचे ऐकताना दुसऱ्याला कसे सोडू? आई आहे तोवर माणसाला आधार असतो. शंभर वर्षांचा, नातवंडे-पतवंडे असलेला म्हाताराही आईजवळ गेला की दोन वर्षांच्या मुलासारखा वागतो, असे त्याच्या मनात येते. (हे वाक्य मी कीर्तनात ऐकले, तेव्हा समोरच्या आज्ज्यांनी डोळ्यांना पदर लावले होते.) विचार करता करता तो आणखी पुढे जातो आणि या प्रकरणात अपराध स्त्रीचा नसून पुरुषाचा आहे, इथपर्यंत येऊन पोहोचतो. तो भाग सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांसाठी ठेवावा.

इकडे वनात गौतमांचा राग ओसरला. आपण काय सांगून बसलो, या विचाराने ते रडत घराकडे धावले. वाटेत ते एकच म्हणत होते, ‘आज तरी तू तुझ्या नावाप्रमाणे वागला असशील, तर मला, तुझ्या आईला आणि स्वतःलाही वाचवशील.’ घरी येऊन पाहतात तो मुलाने शस्त्र खाली ठेवून पायावर डोके ठेवलेले, आणि पत्नी सुखरूप उभी. त्यांनी मुलाला उचलून कितीतरी वेळ उराशी धरले.

माझ्या मते ही गोष्ट आधी सांगावी आणि पुढच्या बैठकीला परशुरामाची सांगावी. एकाच ग्रंथात दोन मुलगे आहेत, दोघांना एकच आज्ञा झाली आणि दोघे निरनिराळे वागले, हे मुलांनी आपापल्या मनाने ताडून पाहिले, तर तात्पर्य सांगण्याची गरजच उरणार नाही.

दोन लेकरांचा बाप (अनगोळ)

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली, तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते इथे मांडणे मला आवश्यक वाटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना आधी काहीतरी ठाम हाती लागले पाहिजे. माझी आज्जी श्रावण सोमवारी कपिलेश्वराचे दर्शन घेऊन आली की आम्हाला खुलभर दुधाची कहाणी सांगत असे. राजाने देवाचा गाभारा दुधाने भरण्यासाठी गावातले सगळे दूध मागवले. लोकांनी धाकाने वासरांना आणि लेकरांना उपाशी ठेवून सारे दूध आणून ओतले, तरी गाभारा भरला नाही. एका म्हातारीने घरातल्या सर्वांना जेवू घातले, लेकरांना, वासरांना दूध पाजले, आणि उरलेले खुलभर दूध आणून देवाला वाहिले, तेव्हा तो भरला. आज्जी गोष्ट संपल्यावर सांगायची, ‘‘आधी उपाशी लेकरू, मग देव.’’ तिने ते सांगितले नसते, तर आम्हाला ते कळले असते की नाही, कोण जाणे. मी आज माझ्या मुलांना तेच वाक्य सांगतो.

श्रावणबाळाचेही तसेच आहे. आईवडिलांना कावडीत घालून नेणारा मुलगा एकदा डोळ्यांपुढे उभा राहिला की तो आयुष्यभर जात नाही. पाया भक्कम होण्याआधीच प्रत्येक गोष्टीच्या दोन बाजू दाखवत बसलो, तर मुले हुशार होतील, पण कोणाचे ऐकावे हे त्यांना कधी कळणार?

कीर्तनप्रेमी (शहापूर, बेळगाव)

दादा, खुलभर दुधाची कहाणी तुम्ही आठवण करून दिलीत, हे फार चांगले झाले. पण त्या म्हातारीने केले काय, ते पाहा. राजाची आज्ञा सर्व दूध आणण्याची होती, देवाचे नाव घेऊन केलेली होती, आणि ती म्हातारीने शब्दशः पाळली नाही. तुमच्या आज्जींनी तुम्हाला लहानपणीच आज्ञेपेक्षा मोठे काय असते ते शिकवले, आणि तुमचा पाया त्यामुळेच भक्कम झाला, असे मला मनापासून वाटते. तात्पर्याबाबत तुमचे म्हणणे मला मान्य आहे. ज्या गोष्टीचे तात्पर्य सांगणाऱ्याला स्वतःला पटलेले आहे, ते त्याने जरूर सांगावे. न पटलेले तात्पर्य मात्र मुलांना आवाजावरून लगेच कळते.

श्रावणबाळाच्या गोष्टीत मला दशरथाचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपण फार घाईने उरकतो. त्याने अंधारात घागर बुडल्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितो आहे असे समजला आणि न पाहता बाण सोडला. पुढे तो पळून गेला असता तर कोणाला कळले नसते. पण तो स्वतः पाण्याची घागर घेऊन त्या आंधळ्या आईवडिलांकडे गेला आणि ‘मी तुमचा मुलगा नव्हे, मी दशरथ, माझ्या हातून हे घडले’ असे त्याने सांगितले. वाल्मीकींच्या रामायणात राम वनात गेल्यावर, मृत्यूच्या रात्री, दशरथ ही हकिगत कौसल्येला स्वतः सांगतो. मुलांच्या हातून रोज काही ना काही फुटते, सांडते, कोणाला लागते. सेवेचा प्रसंग त्यांच्या वाट्याला पुढे येईल, पण झालेले कबूल करण्याचा प्रसंग आजच येतो.

सीमेवरचा वाचक (रामदुर्ग)

मी एका कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि घरी मराठी बोलतो, म्हणून ताईंच्या मिश्र वर्गाविषयी थोडे लिहितो. कन्नड माध्यमातल्या मुलांना पुण्यकोटी गाईची गोष्ट ठाऊक असतेच. वाघाने अडवलेली गाय वासराला शेवटचे पाजून येते असे वचन देते, वासराला इतर गाईंच्या स्वाधीन करते आणि खरोखर परत येते; ते पाहून वाघच लाजेने प्राण देतो. ताईंनी ही गोष्ट स्वतः न सांगता त्या मुलांपैकी एखाद्याला मराठीतून सांगायला लावावी. शाळेचे माध्यम वेगळे म्हणून जे मूल मागे बसते, ते त्या दिवशी पुढे येऊन बसते, हे मी पाहिले आहे. त्यानंतर हरिश्चंद्राची गोष्ट घेतली, तर वचन पाळणे म्हणजे काय, हे एका गाईच्या आणि एका राजाच्या निमित्ताने त्यांना समजेल.

आमच्या तालुक्यात सुरेबानजवळ शबरीकोळ्ळ नावाचे ठिकाण आहे. शबरीचा आश्रम तिथे होता असे परंपरा मानते. हंपीजवळच्या पंपासरोवराकडेही शबरीची जागा दाखवतात. मुलांनी ‘खरी कुठली?’ असे विचारले, तर दोन्ही ठिकाणच्या लोकांनी तिला आपली मानले, एवढे सांगावे. शबरीने उष्टी बोरे दिली हा प्रसंग वाल्मीकींच्या रामायणात नाही. तिथे ती रामासाठी गोळा करून ठेवलेले रानमेव्याचे पदार्थ पुढे करते आणि आपले गुरू मतंग यांच्या आश्रमाची जागा दाखवते. बोरे चाखून देण्याचा प्रसंग नंतरच्या भक्तांनी घातला. तो काढून टाकावा, असे मी म्हणणार नाही. कोण कोणाच्या हातचे खातो, हा प्रश्न आपल्या गावांत आजही संपलेला नाही, आणि रामाने ते उष्टे फळ तोंडात घातले हे मुलांना कळलेच पाहिजे. सांगताना त्या फळाची चव, काटे, पदरात बांधून आणलेली बोरे हे सगळे सावकाश सांगा. कणकुंबीपासून रामदुर्गापर्यंत मलप्रभेच्या काठच्या मुलांना बोरीचे काटे कसे लागतात, हे शिकवावे लागत नाही.

आणखी एक सुचवतो. गोकाकच्या बाजूचे कुलगोड हे श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचे गाव. सत्यभामेचा हट्ट आणि तिचा उतरलेला ताठा हा त्याचा विषय. पारिजाताची फुले तुमच्याकडेही पडतात. एखाद्या शनिवारी दोन मुलींना सत्यभामा आणि रुक्मिणी करून चार वाक्ये बोलायला लावली, तर मत्सर म्हणजे काय, हे व्याख्येशिवाय कळेल.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. चिरकारीची कथा मी या शनिवारी घेणार आहे आणि परशुरामाची त्याच्या पुढच्या शनिवारी, चारही भावांच्या नावांसह. त्या मुलीशी मी स्वतंत्रपणे, तिच्या आईला बरोबर घेऊन बोलणार आहे. पुण्यकोटीसाठी पाचवीतल्या एका मुलाचे नाव मनात आहे. तो आजवर एकदाही स्वतःहून बोललेला नाही. एकलव्याविषयी मात्र गुरुजींचे मत अजून ऐकायचे आहे. आमच्या बैठकीत सर्व समाजांची मुले असतात आणि ‘गुरुभक्ती’ एवढे एकच लेबल लावून ती गोष्ट सांगायला माझी जीभ रेटत नाही.

निवृत्त गुरुजी (निपाणी)

ती रेटू नये, हेच योग्य आहे. आदिपर्वात कारण स्पष्ट दिलेले आहे. ‘तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होणार नाही’ असे द्रोणांनी अर्जुनाला सांगून ठेवले होते. निषादराजा हिरण्यधनूचा मुलगा त्याच्याहून सरस निघालेला पाहून अर्जुनाने द्रोणांना त्याची आठवण करून दिली, आणि तो शब्द खरा करण्यासाठी उजव्या हाताचा अंगठा मागितला गेला. ज्याला शिष्य म्हणून घेतले नव्हते, त्याच्याकडे दक्षिणा मागितली गेली. एकलव्याचा मोठेपणा सांगताना द्रोणांची ही बाजू झाकू नका. अंगठा गेल्यावर त्याच्या बाणांना पूर्वीचा वेग राहिला नाही आणि अर्जुनाची चिंता मिटली, असे महाभारत सांगते. तेवढे वाक्य वाचून थांबा आणि मुलांना बोलू द्या. माझ्या वर्गात ‘गुरुजी, हे बरोबर नाही’ असे एखादे मूल म्हणत असे, तेव्हा मी त्याला खाली बसवत नसे.

सातवीच्या मुलांसाठी शेवटी एक कथा सुचवतो, तीही आदिपर्वातलीच. मांडव्य ऋषी मौन धरून तप करत होते. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला, राजाच्या शिपायांनी विचारले तेव्हा ते मौनामुळे बोलले नाहीत, आणि चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवले गेले. ते मेले नाहीत. राजाने क्षमा मागून त्यांना खाली उतरवले, पण सूळ निघेना, तेव्हा तो कापला आणि त्याचे टोक अंगातच राहिले. त्यांनी धर्मराजाकडे, म्हणजे यमधर्माकडे, जाऊन विचारले, ‘माझा असा कोणता अपराध होता?’ उत्तर मिळाले, ‘लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस.’ चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवणारी मुले तुमच्या समोरच बसलेली असतील. इथे ती एकमेकांकडे पाहतील.

मांडव्यांनी ते ऐकून मान खाली घातली नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी मोठी शिक्षा दिलीस, म्हणून तू मनुष्यजन्म घेशील, असे त्यांनी प्रत्यक्ष धर्माला शापले, आणि तोच पुढे विदुर झाला. त्याच वेळी त्यांनी मर्यादा घालून दिली की 14 व्या वर्षापर्यंत मुलाच्या हातून घडलेले पाप धरले जाणार नाही. किड्याला दुखते हे कथेत खोडलेले नाही, आणि मुलाला मोठ्या माणसाच्या मापाने शिक्षा करणे हा अन्याय आहे हेही तितक्याच ठामपणे सांगितलेले आहे. ही कथा सांगाल त्या दिवशी पालकांनाही बोलवा, मुलांच्या मागे सतरंजीवर बसवा, आणि 14 वर्षांचे वाक्य त्यांच्याकडे पाहून सांगा.